पाऊस तेवढाच, मग पूरही का आणि टँकरही का?

अभ्यास पाठ : नदीचं खोरं, जमिनीचा वापर आणि बदलता पाऊस



या अंकाचा अभ्यास पाठ पाण्याचा आहे. नळयोजना, टाकी, मोटर यांच्याबद्दल आपण बैठकीत नेहमीच बोलतो. आज त्याच्या थोडं मागे जाऊ. विहिरीत पाणी येतं कुठून, नदीला पूर येतो तेव्हा ते पाणी जातं कुठे, आणि सप्टेंबरात पुराचे पंचनामे झालेल्या गावात मार्चमध्ये टँकरची मागणी का होते, हे समजून घेऊ.

पाठ जरा मोठा आहे. एका बैठकीत निम्मा वाचा, पुढच्या बैठकीत उरलेला. ज्या ताईला वाचायला आवडतं तिने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत. शेवटी एक छोटा प्रयोग आणि गटासाठी काही कामं दिली आहेत.

१. नदी कुठे सुरू होते?

आपण म्हणतो, मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. ते बरोबरच आहे. पण नदीत जे पाणी वाहतं ते एकट्या उगमातून येत नाही. तुमच्या पत्र्यावर पडलेला पाऊस अंगणात येतो, अंगणातून रस्त्याच्या कडेच्या नालीत, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून तेरणा, तावरजा, रेणा किंवा घरणीत आणि तिथून मांजरात. म्हणजे नदी तुमच्या अंगणातही सुरू होते.

दोन्ही हातांची ओंजळ करा. ओंजळीत कुठेही पाणी टाकलं तरी ते मधल्या खोलगट भागात जमतं. तसा जेवढ्या जमिनीवरचा पाऊस उतरत उतरत एका नदीला मिळतो, तेवढ्या सगळ्या जमिनीला त्या नदीचं खोरं म्हणतात. एका ओढ्याचं छोटं खोरं असतं, त्याला आपण पाणलोट म्हणतो. असे अनेक पाणलोट मिळून मांजरेचं खोरं होतं. सरकारच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेने आपल्या राज्याचे असे साधारण दीड हजार पाणलोट पाडले आहेत. तुमचं गाव त्यातल्या कुठल्या ना कुठल्या पाणलोटात येतंच.

मांजरा साधारण ७२४ किलोमीटर वाहते. बीड, धाराशिव, लातूर करत ती कर्नाटकात बिदरकडे जाते, मग तेलंगणात वळसा घेऊन गोदावरीला मिळते. त्यामुळे आपल्या वरच्या गावाने जमिनीचं जे केलं त्याचा परिणाम आपल्यावर होतो, आणि आपण जे करतो ते खालच्या गावांना भोगावं लागतं.

२. एकाच वर्षात दोन टोकं

२०१६ साल आठवतंय? २०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले होते. धनेगावच्या मांजरा धरणात वापरता येईल असं पाणी उरलं नव्हतं. लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि त्यात साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून, कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात आलं.

आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी काय झालं? मांजरा, तेरणा, तावरजा यांना पूर आले आणि जे धरण उन्हाळ्यात तळाला गेलं होतं ते भरलं. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये तर मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठचं उभं सोयाबीन पाण्यात गेलं. २०२३ चा ऑगस्ट मात्र देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन करपलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुन्हा अतिवृष्टी झाली, शेतातली मातीसुद्धा खरडून गेली.

हे वाचून वाटतं की सगळा दोष पावसाचा आहे. तो आता बेभरवशाचा झालाय, आपण काय करणार? यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्या वाक्याबद्दल आपल्याला बोलायचं आहे.

३. पावसाची जमाखर्च वही

आपल्या गटाची वही कशी असते? बचत जमा, व्याज जमा, कर्ज वाटप, खर्च आणि खाली शिल्लक. पावसाचाही असाच हिशोब मांडता येतो. त्याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात.

आधी माप समजून घेऊ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. २० फूट बाय १५ फूट पत्र्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ७०० लिटर, म्हणजे साडेतीन ड्रम पाणी पडलं. एका एकरावर तोच पाऊस पडला तर एक लाख लिटर.

आता गावाचा हिशोब. समजा शिवार १,००० हेक्टरचं, म्हणजे जवळजवळ अडीच हजार एकरांचं आहे. मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे गावाच्या खात्यात वर्षाला ७०० कोटी लिटर पाणी जमा होतं. हो, कोटी!

गावाची लोकसंख्या २,००० धरू. नळयोजनेच्या नियमाने माणशी दिवसाला ५५ लिटर. वर्षाचे झाले साधारण ४ कोटी लिटर. ७०० कोटी जमा, पिण्या-वापरायला लागतात ४ कोटी. पाऊस निम्मा पडला तरी ३५० कोटी जमा. मग तरी टँकर का लागतो?

कारण जमा झालेलं सगळं पाणी आपल्या हाती राहत नाही. पावसाला जायला चार वाटा आहेत.

पहिली वाट वाहून जाण्याची. जमिनीवरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत.

दुसरी वाट मातीतल्या ओलीची. मातीच्या वरच्या दोन-तीन फुटांत पाणी थांबतं आणि पीक ते पितं.

तिसरी वाट वाफेची. उघडी जमीन, तळं, शेततळं यातून पाणी उडून जातं.

चौथी वाट खोल मुरण्याची. माती ओलांडून पाणी खालच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत जातं. आपली विहीर, आड, हापसा या चौथ्या वाटेवर जगतात.

आपला भाग काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा. हा खडक घट्ट असतो. पाणी राहतं ते फक्त वरच्या मुरुमात आणि भेगांत. शंभर घमेली खडक असेल तर त्यात जेमतेम दोन घमेली पाणी मावतं. त्यामुळे वर्षाला पडणाऱ्या पावसातला ढोबळमानाने दहावा हिस्साच खोल मुरतो. ७०० कोटीतले ७० कोटी. हीच गावाची भूजलाची बचत.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, विहिरीचं पाणी आणि नदीचं पाणी वेगळं नाही. पावसाळा संपल्यावर ओढा वाहतो तो ढगातल्या पाण्यावर नाही, जमिनीत मुरलेलं पाणी हळूहळू झिरपून ओढ्यात येतं म्हणून. गावातल्या म्हाताऱ्या आजींना विचारा, ओढा पूर्वी कधीपर्यंत वाहायचा? कुणी दिवाळी सांगेल, कुणी संक्रांत, कुणी होळी. आणि आता कधीपर्यंत वाहतो? त्या दोन उत्तरांतलं अंतर म्हणजे खोऱ्यात काय बदललं त्याचा अंदाज.

४. जमीन बदलली, म्हणून पाण्याची वाट बदलली

पाऊस जमिनीवर पडला की जमीन ठरवते, तो धावणार की मुरणार. माळावर गवत असेल, झुडपं असतील तर थेंब आधी पानावर पडतो, मग मातीवर. मुळांनी माती पोकळ केलेली असते, पाणी आत शिरतं. तोच माळ उघडा असेल तर थेंब मातीवर आपटतो, मातीचे बारीक कण छिद्रात बसतात, वर साय धरल्यासारखा थर होतो आणि पाणी घसरून निघून जातं. जाताना माती घेऊन जातं. म्हणून पुराचं पाणी गढूळ असतं.

आपल्या खोऱ्यात काय काय बदललं ते बघू.

लातूर हा राज्यातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. जे काही गवत-झुडूप होतं ते माळावर, गायरानात आणि बांधावर. गायरानं मोडली, बांध कोरून वाव वाढवला, बांधावरची बाभूळ-बोर गेली. पाण्याला अडवणारी जी छोटी छोटी दारं होती, ती उघडी पडली.

ओढे-नाले अरुंद झाले, काही ठिकाणी नांगरून शेतात घेतले. पण पाणी आपली वाट विसरत नाही. मोठा पाऊस झाला की ते त्याच जागेतून जातं, आता तिथे आपलं पीक उभं असतं एवढंच.

नदीतली वाळू उपसली. वाळू नुसती बांधकामाची वस्तू नाही. दोन पुरुष वाळूच्या थरात पाणी साठून राहतं आणि काठच्या विहिरींना पुरवठा करतं. खडक उघडा पडेपर्यंत वाळू काढली की ते साठवण गेलं.

पिकं बदलली. पूर्वी खरिपात मूग-उडीद-तूर आणि रब्बीत ज्वारी-करडई. रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर यायची. आता खरिपात सोयाबीन, आणि जिथे पाणी आहे तिथे ऊस. सोयाबीन निघालं की पुष्कळ रानं मोकळी, परतीचा पाऊस उघड्या रानावर पडतो.

५. पाऊसही बदलला

आता ढगांकडे येऊ. हवा गरम झाली की तिच्यात जास्त वाफ मावते. एक अंश तापमान वाढलं की साधारण ७ टक्के जास्त. १९०१ पासून २०१८ पर्यंत आपल्या देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं आहे. गरम हवा वाफ जास्त धरून ठेवते, म्हणून मधले खंड लांबतात. आणि सोडते तेव्हा एकदम सोडते.

शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. आपण ज्याला मध्य भारताचा पट्टा म्हणतो, त्यात १९५० ते २०१५ या काळात एका दिवसात १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, पंचनाम्याच्या निमित्ताने हा आकडा आता घरोघरी पाठ झालाय. १५० म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त.

याचा मुरण्याशी काय संबंध? आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस भेगांतून आत जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर तासाला काही मिलिमीटरच पाणी आत घेते. पन्नास मिलिमीटर पाऊस दहा तास झिमझिम पडला तर माती त्यातला बराच पिऊन घेईल. तोच पाऊस एका तासात कोसळला तर माती घोटभर पिणार, उरलेला ओढ्यात.

म्हणजे पर्जन्यमापकात आकडा सारखाच. ५० म्हणजे ५०. वर्षाची सरासरीही कागदावर ठीक दिसते. पण विहिरीच्या खात्यात पहिल्या पावसात जास्त जमा झालं आणि दुसऱ्यात कमी. “यंदा सरासरी गाठली” असं रेडिओवर ऐकलं तरी विहीर फेब्रुवारीत खडखडीत होते, त्यामागचं हे कारण.

आता दोन्ही एकत्र ठेवा. पाऊस आधीच एकदम कोसळणारा झाला, आणि त्याला थोपवणारी जमीन आपण उघडी केली. खाली पूर, वर कोरडं. पूर आणि टँकर या दोन वेगळ्या आपत्ती नाहीत. पावसाळ्यात जे पाणी थांबलं नाही, तेच उन्हाळ्यात आपल्याला सापडत नाही.

६. मुरलं ते, काढलं ते

जमेची बाजू झाली. आता खर्च. ७० कोटी लिटर मुरलं असं आपण धरलं होतं. ते जातं कुठे?

उसाला एका एकराला वर्षभरात, पावसाचं धरून, साधारण ८० लाख लिटर पाणी लागतं. त्यातलं ३० लाख पावसाने दिलं असं धरलं तर उरलेलं ५० लाख विहीर, बोअर किंवा नदीतून. गावात नदीचं किंवा कालव्याचं पाणी नसेल तर १४० एकर उसाला ७० कोटी लिटर लागले. म्हणजे अडीच हजार एकरांच्या शिवारात फक्त १४० एकर ऊस असेल तर गावाची अख्ख्या वर्षाची भूजलाची बचत संपली. हापशाला काय उरलं?

आणि सगळ्या गावाला वर्षभर पिण्या-वापरायला लागणारं ४ कोटी लिटर म्हणजे किती? पाच एकर उसाची वर्षाची गरज.

हे सांगताना माझा रोख ऊस लावणाऱ्या घरांवर नाही. उसाला ठरलेला दर असतो, सोयाबीनला तो मिळेलच असं नसतं. आपल्याच गटांतल्या कितीतरी घरांची दिवाळीनंतरची भाकर ऊसतोडीवर आहे. पण हिशोब माहीत असायला हवा. तो माहीत असला तर उसाला ठिबक घ्यायचं का, पाचट जाळायचं की पसरायचं, पुढच्या वर्षी आणखी एक एकर वाढवायचा का, हे डोळे उघडे ठेवून ठरवता येतं.

शेततळ्याचंही बघू. शेततळ्यात पावसाचं वाहतं पाणी साठवलं तर उत्तम. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यातून जमिनीत पाणी मुरत नाही. आणि ते बोअरच्या पाण्याने भरलं, तर जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवलं. उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला ८ मिलिमीटर तरी वाफ होते. ३० मीटर बाय ३० मीटरच्या तळ्यातून दिवसाला सात हजार लिटर. पाच माणसांची २६ घरं रोज वापरतील एवढं पाणी नुसतं उडून जातं.

७. बोअरचं कर्ज आणि आपला गट

आता हा पाठ आपल्या बैठकीत का, तेही सांगते. गटांकडे उन्हाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या कर्जाच्या मागण्यांमध्ये बोअरची मागणी हमखास असते. घर अडचणीत असतं, पीक वाळत असतं, सगळ्या जणी सह्या करतात. पण बोअर कोरडा गेला तरी हप्ता तोच असतो. पाणी लागलं तरी ते नवीन पाणी नसतं, बहुतेक वेळा शेजारच्या विहिरीचंच खालून ओढलेलं असतं. मग शेजारीण पुढच्या वर्षी आणखी शंभर फूट खोल जाण्यासाठी कर्ज मागते. दोघींचं कर्ज वाढतं, पाणी तेवढंच राहतं.

बोअरला कर्ज देऊच नका, असं मी म्हणत नाही. ठरवायचं गटानेच. पण सही करण्याआधी हे प्रश्न विचारूया:

• त्या शिवारात आधीच किती बोअर आहेत? गेल्या तीन वर्षांत किती कोरडे निघाले?
• गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर किती लांब आहे? पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर-बोअर घ्यायला भूजल कायद्याने मनाई आहे.
• पाणी लागलं तर त्यावर कोणतं पीक घेणार? त्याला किती पाणी लागतं?
• जुनी विहीर असेल तर आधी तिचं पुनर्भरण करून बघता येईल का? शेतातलं वाहतं पाणी दगड-खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडायचं. खर्च बोअरपेक्षा बराच कमी.
• पाणी नाहीच लागलं तर हप्ता कशातून फेडणार?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर ताईला नाही म्हणायला नको, तिच्यासोबत बसून दुसरा मार्ग शोधायला हवा.

८. आपल्या हातात काय आहे?

ढग आपल्या हातात नाहीत. पण पाऊस जमिनीला लागल्यानंतरचं पुष्कळ काही आपल्या हातात आहे.

शेतात: उताराला आडवी पेरणी आणि नांगरट. सोयाबीन रुंद वरंबा सरीवर घेतलं तर खंडात सरीतली ओल कामी येते आणि अतिवृष्टीत जादाचं पाणी सरीतून निघून जातं, म्हणजे दोन्ही बाजूंनी फायदा. सोयाबीनच्या मध्ये तुरीच्या ओळी ठेवल्या की परतीच्या पावसात रान उघडं राहत नाही. पाचट, भुसकट न जाळता रानात पसरा. बांधावर गवत आणि झाडं परत येऊ द्या.

गावात: पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. आधी डोंगर-माळावर समतल चर आणि गवत, मग शेताची बांधबंदिस्ती, मग ओढ्यावरचे बांध. आधी ओढाच खोल केला आणि माथा उघडाच ठेवला, तर दोन पावसाळ्यांत गाळ भरतो. ओढा प्रमाणाबाहेर खोल केला तर काठच्या विहिरींचं पाणीच त्यात उतरून जातं. जेसीबी येण्याआधी ग्रामसभेत विचारा, माथ्यावर काय काम झालंय?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे आपल्यापेक्षाही कमी पाऊस पडतो. त्यांनी चर, बांध, झाडं हे सगळं केलं. पण तेवढ्यावर थांबले असते तर अडवलेलं पाणी नव्या बोअरमधून निघून गेलं असतं. त्यांनी शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको असे नियम केले आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला कोणती पिकं घ्यायची ते ठरवायला सुरुवात केली. अडवणं आणि जपून वापरणं दोन्ही केलं, म्हणून पाणी टिकलं.

आणि बायकांचं काय? गावाच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. नावं कागदावर असतात, बैठकीला दुसरंच कुणी जातं. तुमच्या गावच्या समितीत कुणाकुणाची नावं आहेत, ते ग्रामपंचायतीत जाऊन वाचा. त्यात आपल्या गटातली ताई असेल तर पुढच्या बैठकीला तिच्यासोबत दोघी-तिघी जा.

बैठकीत करून बघा

साहित्य: दोन जुनी घमेली, माती, थोडं पाचट किंवा भुसकट, झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली, दोन वाट्या.

दोन्ही घमेल्यांत सारखी माती भरून थोडी दाबा. एकात माती उघडी ठेवा, दुसऱ्यात पाचटाने झाका. दोन्ही घमेली सारखी तिरपी ठेवून खाली वाट्या ठेवा. दोन्हींवर एक-एक बाटली पाणी हळूहळू शिंपडा. वाटीत किती पाणी आलं? कोणत्या वाटीचं पाणी जास्त गढूळ? मग झाकण काढून दोन्हींवर एक-एक बाटली एकदम ओता. आता काय झालं? पहिली वेळ म्हणजे झिमझिम पाऊस, दुसरी म्हणजे हल्लीची अतिवृष्टी. उघडं घमेलं म्हणजे आपला माळ. जे दिसलं ते गटाच्या वहीत लिहा.

वर्षभराचं काम

प्रत्येक गटाने एक विहीर निवडावी. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या चार महिन्यांत एका ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत, दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजावं. भूजल सर्वेक्षणवालेही आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजतात. पावसासाठी सरळ कडांचा एखादा डबा उघड्या जागेवर ठेवून रोज सकाळी आठ वाजता पट्टीने मोजा आणि पाणी ओतून द्या. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. चार जण थांबून वाचतील, दोन जण वाद घालतील. घालू देत.

चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या गावचा ओढा तुमचं लग्न झालं तेव्हा कधीपर्यंत वाहायचा? आता?
• गावात किती एकर ऊस आहे? वरच्या पद्धतीने त्याचं पाणी मोजून बघा.
• गेल्या पाच वर्षांत आपल्या गटाने बोअरसाठी किती कर्ज दिलं? त्यातले किती बोअर आज चालू आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीतच आहे, फक्त पानं उलटायची आहेत. उत्तरं आणि ऑक्टोबरची विहिरीची मापं ग्रामसंघाच्या बैठकीत माझ्याकडे द्या. सगळ्या गावांचे आकडे एकत्र करून पुढच्या अंकात छापू, म्हणजे आपल्या ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या गावात काय चाललंय तेही आपल्याला दिसेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक